कंपनी बुडाली खासगी, झाडाझडती सरकारी ऑडिटची?

खतावणी :
नमस्कार मंडळी. एक प्रश्न इथल्या जाणकारांपुढे टाकतो आहे.

एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी हिशेबातला घोटाळा फुटून डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. ३० जुलै २००२ ला अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायद्यावर सही झाली आणि ऑडिटरांवर देखरेख ठेवायला पीसीएओबी हे नवं मंडळ आलं. इथवर माझ्या डोक्यात शिरतं. भागधारक फसले, म्हणून शेअरबाजाराचे नियम आवळले. पण दर मोठ्या घोटाळ्यानंतर सरकारी खाती, महापालिका, महामंडळं यांच्या लेखापरीक्षणाचे नियमही आवळले जातात, ते कशासाठी? सरकारला शेअरचा भाव टिकवायचा नसतो, तिमाही निकाल द्यायचे नसतात, साहेबांचा बोनस नफ्यावर ठरत नाही. रोग एकाला आणि औषध दुसऱ्याला, असा प्रकार वाटतो.

माझं मत असं की यातून कागद वाढतात, चोर सापडत नाहीत. खोडून काढायचं असेल तर जरूर काढा, पण उदाहरणांनिशी.

तिरपागडा :
सरकारला नफा फुगवायचा नसतो हे मान्य. तूट दडवायची असते.

सावित्रा :
तिरपागडा +१.

खतावणी, सॅन दिएगो शहराचं प्रकरण बघा. कर्मचाऱ्यांचे पेन्शन लाभ वाढवायचे आणि पेन्शन फंडात मात्र वर्गणी कमी भरायची, असे व्यवहार शहराने १९९६ आणि २००२ मध्ये केले. खड्डा वाढत गेला. त्याच काळात शहर रोखे विकून कर्ज उचलत होतं आणि रोखे घेणाऱ्यांना दिलेल्या कागदपत्रांत हा खड्डा नीट दाखवलेला नव्हता. पुढे केपीएमजी या ऑडिट फर्मने २००३ च्या हिशेबावरचा अभिप्राय अडवून धरला. आधी नीट चौकशी करा, मग सही. शहर काही वर्षं सार्वजनिक रोखेबाजाराबाहेर राहिलं. नोव्हेंबर २००६ मध्ये एसईसीने (अमेरिकेची शेअर-रोखेबाजार नियामक संस्था) शहरावर फसवणुकीचा ठपका ठेवला. वर्तमानपत्रांनी तोवर 'समुद्रकाठची एन्रॉन' असं बारसंही करून टाकलं होतं.

शेअर नसले तरी रोखे असतात. रोखे नसले तरी कर भरणारे असतातच. आणि एन्रॉनच्या आधी इतक्या ताठपणे सही अडवली गेली असती का? मला शंका आहे. ऑडिटरला भीती वाटायला लागली, हा त्या सगळ्या प्रकाराचा सर्वांत स्वस्तात मिळालेला फायदा.

निवृत्तलेखणी :
धाग्याच्या गृहीतकातच थोडी गडबड आहे. घोटाळा आधी खासगीत, नियम मागाहून सरकारीत, असा क्रम नेहमी नसतो.

अमेरिकेत सरकारी ऑडिटची मानकं जीएओ, म्हणजे तिथल्या संसदेची लेखापरीक्षण संस्था, काढते. पुस्तकाच्या पिवळ्या रंगामुळे त्याला 'यलो बुक' म्हणतात. ऑडिटरच्या स्वातंत्र्याबद्दलची त्यातली कडक दुरुस्ती जानेवारी २००२ मध्ये जाहीर झाली, म्हणजे सार्बेन्स-ऑक्सलीच्या सहा महिने आधी. तिचा मसुदा तर २००१ मध्ये, एन्रॉन बाहेरून धडधाकट दिसत होती तेव्हाच चर्चेला आला होता. मुख्य सूत्रं दोनच : ऑडिटरने व्यवस्थापनाची कामं अंगावर घ्यायची नाहीत, आणि स्वतः केलेल्या कामाचं ऑडिट स्वतः करायचं नाही. तेव्हाचे जीएओप्रमुख डेव्हिड वॉकर हे पूर्वी आर्थर अँडरसनमध्येच, म्हणजे एन्रॉनचं ऑडिट करणाऱ्या फर्ममध्येच, भागीदार होते. घरातलं पाणी कुठे मुरतं हे त्यांना बाहेरच्यांपेक्षा आधी कळलं असणार. २००० साली एन्रॉनकडून अँडरसनला ऑडिटचे सुमारे २.५ कोटी डॉलर मिळाले आणि इतर कामांचे २.७ कोटी. ज्याच्याकडून ऑडिटपेक्षा जास्त पैसे बाकीच्या कामाचे येतात, त्याच्याशी वाद कोण घालणार?

मी आयुष्यभर सरकारी ऑडिटमध्ये नोकरी केली. तिथे मोह पैशाचा कमी, भिडेचा जास्त. लेखा शाखेत माणसं नाहीत, वर्षअखेर तोंडावर आलेली. साहेब म्हणतात, "तुम्हाला एवढं कळतंय, तर ताळमेळ तुम्हीच बसवून द्या ना." ऑडिट पार्टीतला एखादा सज्जन बसवूनही देतो. पुढच्या वर्षी तोच ताळमेळ तपासायला तोच येतो आणि त्याला त्यात खोट दिसत नाही. दिसणार कशी? लाच नाही, लबाडी नाही, तरी तपासणी शून्य. म्हणून ते दुसरं सूत्र मला कंपन्यांपेक्षा सरकारी कचेऱ्यांना जास्त लागू वाटतं. छोट्या नगरपालिकांना मात्र ते जड जातं. वार्षिक हिशेब लिहून देणारा आणि तपासणारा तिथे कित्येकदा एकच असतो, कारण दुसरा परवडतच नाही.

चावडीवाचक :
वॉकर म्हटलं की मला वेगळंच आठवतं. थोडं अवांतर.

उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या ऊर्जा धोरण गटाने कोणाकोणाच्या भेटी घेतल्या, याची माहिती जीएओने मागितली होती. एन्रॉन बुडाल्यावर त्या मागणीला वेगळीच धार आली. माहिती मिळेना, म्हणून फेब्रुवारी २००२ मध्ये जीएओ कोर्टात गेली. डिसेंबरात न्यायालयाने दावा फेटाळला : असा दावा लावायचा अधिकारच वॉकर यांना पोचत नाही. जीएओने अपील केलं नाही.

म्हणजे ज्या वर्षात कंपन्यांच्या ऑडिटरांवर पहारेकरी बसले, त्याच वर्षात सरकारच्या ऑडिटरला "एवढ्यापुढे यायचं नाही" असं सांगण्यात आलं. खतावणी विचारतात सरकारला औषध का दिलं. मी म्हणेन, पूर्ण मात्रा दिलीच कुठे?

तिरपागडा :
ऑडिटरला कागद न देणं ही विद्या जगात कुठेही शिकवावी लागत नाही. "फाइल वरिष्ठांकडे आहे" हे वाक्य सगळ्या भाषांत असणार.

निवृत्तलेखणी :
@तिरपागडा : दुसरं वाक्य, "संबंधित कर्मचारी रजेवर आहेत."

मध्यमपदलोपी :
गंमत बाजूला ठेवून एक नेमका मुद्दा. घोटाळ्याचा नियम सरकारात सरळसरळ कसा शिरला याचं उत्तम उदाहरण परिपत्रक ए-१२३ आहे.

सार्बेन्स-ऑक्सलीच्या कलम ४०४ नुसार व्यवस्थापनाने आपली अंतर्गत नियंत्रणं (चुका आणि अफरातफर रोखणाऱ्या आतल्या व्यवस्था) तपासून लेखी हमी द्यायची आणि ऑडिटरने त्यावर वेगळा अभिप्राय द्यायचा. डिसेंबर २००४ मध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ए-१२३ सुधारलं आणि २००६ च्या आर्थिक वर्षापासून मोठ्या केंद्रीय खात्यांच्या प्रमुखांनाही आर्थिक अहवालाच्या नियंत्रणांबद्दल अशी हमी द्यायला लावली. ऑडिटरचा स्वतंत्र अभिप्राय मात्र सरसकट सक्तीचा केला नाही. आता यात नवं किती? नियंत्रणांबद्दल दरवर्षी अहवाल द्यायचा कायदा केंद्रीय खात्यांना १९८२ पासून होताच. फरक एवढाच की आधी "सर्व ठीक" लिहून सही होत असे, आता कुठली तपासणी केली म्हणून ठीक म्हणता, हे दाखवावं लागतं.

आणि हे ऐका. २००२ च्याच एका कायद्यामुळे एसईसीलाही स्वतःचे वार्षिक हिशेब तपासून घेणं बंधनकारक झालं. जीएओने २००४ सालाचं पहिलं ऑडिट केलं आणि एसईसीच्याच अंतर्गत नियंत्रणांत गंभीर उणिवा निघाल्या. आर्थिक विवरणं तयार करायची पद्धत, दंड आणि वसुलीच्या रकमांच्या नोंदी, माहितीची सुरक्षितता, तिन्ही कच्चे. सगळ्या कंपन्यांकडून कलम ४०४ पाळून घेणारी संस्था ती हीच!

खतावणी :
मध्यमपदलोपी, एसईसीचा किस्सा माहीत नव्हता, आभार. पण तो माझ्या बाजूने जातो की तुमच्या? नियंत्रणं कच्ची निघाली, अहवाल आला. पुढे फसव्या गुंतवणूक योजनेवाल्या मॅडॉफने २००८ पर्यंत याच एसईसीच्या नाकाखाली माणसं लुबाडली, तक्रारी येऊनही. हमीपत्रं भरून घेणं आणि समोरचं दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मध्यमपदलोपी :
कुणाच्याच बाजूने जात नाही. हिशेबाचं ऑडिट दंडाच्या रकमा बरोबर नोंदल्या का ते सांगतं. दंड ज्याला व्हायला हवा होता त्याला झाला का, हे त्यात येत नाही. त्यासाठी कामगिरीचं ऑडिट, म्हणजे काम नीट झालं का ते बघणारं, लागतं. तिथे सरकारी ऑडिटर खासगीच्या पुढे आहेत, त्यांना ते कुणा एन्रॉनने शिकवलं नाही.

क्ष_किरण :
इतका वेळ सगळे अमेरिकेत रमलेत. खतावणींच्या मुद्द्याला खरा आधार इंग्लंडमध्ये आहे, आणि त्यांनी तो आणला नाही, म्हणून मी आणतो.

कॅरिलियन ही बांधकाम आणि सेवा पुरवणारी कंपनी १५ जानेवारी २०१८ ला कोसळली. सुमारे ४२० सरकारी करार तिच्याकडे होते. रुग्णालयं, शाळा, तुरुंग. हाताशी रोख २.९ कोटी पौंड आणि देणी जवळपास ७०० कोटींची. केपीएमजी एकोणीस वर्षं ऑडिटर. मार्च २०१७ मध्ये हिशेब स्वच्छ म्हणून सही, आणि जुलैत कंपनीने आपल्या करारांची किंमत एका फटक्यात ८४.५ कोटी पौंडांनी उतरवली. संसद संतापली, ऑडिटवर देखरेख करणारी एफआरसी मिळमिळीत आहे म्हणून झोडपली गेली. किंगमन समितीने डिसेंबर २०१८ मध्ये ती मोडून नवा, दात असलेला नियामक आणा असं सांगितलं. शिफारस कायद्याविना वर्षानुवर्षं रखडली ते सोडा. पण झोडपलेल्या एफआरसीने ऑडिट फर्म्सचे कान पिळायला सुरुवात केली.

आता गोम अशी की इंग्लंडमधल्या नगरपरिषदांचं ऑडिट तोवर याच खासगी फर्म्सकडे गेलं होतं. आधी तिथे ऑडिट कमिशन हे सार्वजनिक मंडळ होतं, १९८३ पासूनचं. ते ३१ मार्च २०१५ ला गुंडाळलं. मोठ्या परिषदांच्या ऑडिटची गुणवत्ता तपासायचं काम एफआरसीकडे आलं. साहजिकच कंपन्यांच्या ऑडिटला लावायची फुटपट्टी परिषदांनाही लागली. फर्म्सनी काय केलं? जिथे आपल्यावर ठपका येऊ शकतो तिथे कामाचे ढीग लावले. इमारतींचं मूल्यांकन, रस्त्यांचं मूल्यांकन, पेन्शनच्या दायित्वांचे अंदाज. जो रस्ता कुणी कधी विकत घेणार नाही त्याची ताळेबंदातली किंमत बरोबर आहे का, यावर महिनोन्महिने पत्रव्यवहार.

परिणाम? २०१८-१९ च्या ऑडिटांपैकी ४० टक्के मुदतीत झाली नाहीत. २०२२-२३ ची तर ४६७ पैकी फक्त ५ मुदतीत झाली.

बेरीजवजाबाकी :
पाच?? पाच टक्के म्हणायचंय ना?

क्ष_किरण :
नाही. पाच नग. टक्क्यांत एक.

तिरपागडा :
त्या पाच जणांचा जाहीर सत्कार करावा म्हणतो.

क्ष_किरण :
@तिरपागडा : करा, पण उरलेल्यांचं ऐका. शेवटी सरकारने मुदतीची रेघ मारली. २०२२-२३ पर्यंतची सगळी थकबाकी १३ डिसेंबर २०२४ पर्यंत निकाली काढा, ऑडिट पुरं झालं नसेल तर "अभिप्राय देऊ शकत नाही" असं लिहा आणि मोकळे व्हा. शेकडो हिशेबांवर तसंच लिहिलं गेलं. हे लोण वर पोचलं. संपूर्ण सरकारचे मिळून जे एकत्रित हिशेब निघतात, त्या २०२२-२३ च्या हिशेबांवर ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी इतिहासात पहिल्यांदाच अभिप्राय द्यायला नकार दिला. कारण परिषदांकडून तपासलेले आकडेच आले नव्हते.

याच काळात काही परिषदांनी अवाढव्य कर्जं काढून व्यापारी इमारतींत पैसे घातले. वोकिंग परिषदेने जून २०२३ मध्ये हात वर केले, १२० कोटी पौंडांची तूट. रस्त्यांच्या किमती तपासणाऱ्यांच्या गर्दीत हे बघायला कोण मोकळं होतं?

खतावणी :
क्ष_किरण, माझी वकिली माझ्यापेक्षा बरी केलीत.

सावित्रा :
थांबा, एवढ्यात निकाल देऊ नका. मी अशाच एका फर्ममध्ये काम केलंय, सार्वजनिक संस्थांचं ऑडिट करणाऱ्या गटात. (देश, फर्म, संस्था विचारू नका.)

मूल्यांकनाचा अतिरेक झाला हे खरं. आमच्याकडे एका वापरात असलेल्या इमारतीच्या किमतीवरून दोन मूल्यांकनतज्ज्ञ एकमेकांना पत्रं लिहीत बसले आणि आमच्या कनिष्ठ मुलामुलींचा अख्खा हंगाम त्यात गेला. त्याच संस्थेने स्वतःच्या मालकीच्या कंपनीला दिलेलं कर्ज परत येणार का, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात निघाला, घाईघाईत. वर्किंग पेपरमध्ये (ऑडिटरच्या तपासणीच्या नोंदींत) पानं कशाची जास्त होती ते सांगायला नको.

पण दोष एकट्या एफआरसीच्या धाकाचा नाही. ऑडिट कमिशन मोडल्यावर फी खाली आणली गेली, त्या फीमध्ये अनुभवी माणूस या कामावर टिकत नाही. परिषदांच्या स्वतःच्या लेखा शाखा काटकसरीत रिकाम्या झाल्या होत्या, हिशेबच उशिरा आणि चुकांनी भरलेले यायचे. तपासणारा कमी, तपासून घेणारा कमी, आणि अपेक्षा मात्र शेअरबाजारातल्या कंपनीच्या. परिषदांच्या ऑडिटवरच्या रेडमंड अहवालाने २०२० मध्ये हे बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलंय. कॅरिलियन झालं नसतं तरी गाडी अडकलीच असती, कदाचित दोन-चार वर्षं उशिरा.

आणि वोकिंगबद्दल. ऑडिटर वेळेवर आला असता तरी त्याने कर्ज काढू नका असं सांगितलं असतं का? कायद्याने त्याला जनहितार्थ अहवाल काढता येतो. क्रॉयडन परिषदेत ऑक्टोबर २०२० मध्ये ऑडिटरने काढला, चांगला झणझणीत. पण तेव्हा खजिना रिकामा झालेला होता.

बेरीजवजाबाकी :
सावित्राताई, म्हणजे फी वाढवली की प्रश्न सुटतो? अँडरसनला काय फी कमी होती?

सावित्रा :
@बेरीजवजाबाकी : नाही हो. फी कोण देतं यापेक्षा कोण ठरवतं आणि ऑडिटरला काढायचं कोण, हे बघा. अँडरसनला काढायचा अधिकार एन्रॉनकडे होता.

उंबरठा :
शिकाऊ आहे, परीक्षेची तयारी चालू आहे, म्हणून विचारते. सरकारी ऑडिट खासगी फर्मकडे दिलेलं असेल आणि त्या फर्मचं नाव दुसऱ्याच घोटाळ्यात आलं, तर काय होतं? फर्म काढून टाकतात का?

चावडीवाचक :
दक्षिण आफ्रिकेत काढली. व्हीबीएस नावाच्या बँकेच्या लुटीत केपीएमजीच्या भागीदारांची नावं आली. त्याआधीच सरकारी लुटीचे आरोप असलेल्या गुप्ता कुटुंबाच्या कंपन्यांच्या ऑडिटवरून फर्म बदनाम होती. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी केपीएमजी आणि नकोंकी या दोन्ही फर्म्सकडची सगळी सरकारी ऑडिटची कामं काढून घेतली. नकोंकी छोटी होती, थोड्याच दिवसांत तिने दुकान बंद केलं. केपीएमजी मार खाऊन उभी राहिली.

निवृत्तलेखणी :
@उंबरठा, यातली अडचण पुढची आहे. जगात अशी मोठी कामं पेलणाऱ्या चारच फर्म्स. अँडरसन गेली तेव्हा पाचाच्या चार झाल्या. एन्रॉनचे कागद नष्ट केल्याच्या खटल्यातली तिची शिक्षा तर २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्दही केली, पण तोवर फर्म उरली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक नियामकाच्या मनात धाकधूक असते : आणखी एक मेली तर ऑडिट करायचं कुणी? म्हणून दंड होतात, बंदी क्वचित. भारतात सेबीने सत्यम कंपनीच्या घोटाळ्याप्रकरणी जानेवारी २०१८ मध्ये तिच्या ऑडिटरवर, प्राइस वॉटरहाउसवर, दोन वर्षांची बंदी घातली, अपिलीय न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये ती रद्द केली.

दक्षिण आफ्रिकेत सरकारी लेखापरीक्षकाला फर्म्स काढून टाकणं जमलं, कारण त्याच्याकडे स्वतःची माणसं होती. फर्म्स जोडीला घेतलेल्या. ज्यांनी स्वतःचं खातंच मोडलं त्यांना हा पर्याय राहिला नाही. ऑडिट कमिशन मोडताना हा हिशेब कुणी मांडला असेल असं वाटत नाही.

मध्यमपदलोपी :
सत्यमचा विषय निघालाच आहे तर तारखा बघण्यासारख्या आहेत. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं कबुलीपत्र. ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक ताळेबंदात होती, बँकेत नव्हती. त्यावर उतारा म्हणून ऑडिटरांवरचा स्वतंत्र नियामक, एनएफआरए, २०१३ च्या कंपनी कायद्यात आला. कलम १३२. प्रत्यक्ष स्थापना? १ ऑक्टोबर २०१८. मधली वर्षं ते कलम कागदावर झोपलं होतं. जाग कशाने आली? फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा फुटला आणि दोन आठवड्यांत मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. म्हणजे खासगी कंपनीच्या घोटाळ्याने कलम लिहिलं, ते चालू केलं सरकारी बँकेच्या घोटाळ्याने. खतावणींनी धाग्यात सरकारी आणि खासगी अशी भिंत बांधली आहे, ती घोटाळे करणारे पाळत नाहीत.

बेरीजवजाबाकी :
पण पीएनबी कॅगच्या नजरेतून कशी सुटली?

निवृत्तलेखणी :
सुटली नाही, कॅगच्या कक्षेतच नव्हती. राष्ट्रीयीकृत बँकांचं ऑडिट कॅग करत नाही. त्या बँकांच्या कायद्यानुसार ते काम सनदी लेखापालांच्या फर्म्स करतात, नेमणुकीला रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते. लोकांना वाटतं सरकारी म्हटलं की कॅग असणार. सरकारी कंपन्यांत मात्र वेगळं. तिथे फर्म नेमतो कॅग, आणि फर्मचा अहवाल आल्यापासून साठ दिवसांत स्वतः पूरक ऑडिटही करू शकतो. सावित्रा म्हणतात तो प्रश्न, ऑडिटर कुणी नेमायचा, याचं हे एक उत्तर. ज्याची तपासणी, त्याच्या हातात नेमणूक नाही.

यात सगळं छान आहे असं नाही. पूरक ऑडिट कागदांवर फर्मने काय तपासलं ते बघतं, गोदामात जाऊन पोती मोजत नाही. आम्ही हाफ मार्जिन (आक्षेपाचा कागद) काढायचो, उत्तर यायचं, पॅरा सेटल, म्हणजे आक्षेप निकाली. पण फर्मच्या भागीदाराला ठाऊक असायचं की आपल्या वर्किंग पेपरवर आणखी कुणीतरी बसणार आहे, आणि त्याने फरक पडायचा. शेअरबाजारात नोंदलेली सरकारी कंपनी असेल तर आता एनएफआरएही त्याच कागदांवर बोट ठेवू शकते.

तिरपागडा :
तपासणाऱ्याला तपासणारा, त्याला तपासणारा. शेवटच्याला कोण तपासतं?

क्ष_किरण :
विनोद म्हणून ठीक, पण जर्मनीत हाच प्रश्न जिवावर आला. वायरकार्ड ही पेमेंट कंपनी जून २०२० मध्ये ताळेबंदातल्या १९० कोटी युरोंसकट हवेत विरली. हिशेब तपासून घ्यायचं काम डीपीआर नावाच्या खासगी मंडळाकडे दिलेलं होतं आणि वायरकार्डच्या फायलीवर तिथला जवळजवळ एकच माणूस बसला होता. त्याआधी २०१९ मध्ये सरकारी नियामक बाफिनने काय केलं, तर कंपनीच्या शेअरवर मंदीचे सौदे लावायला बंदी घातली आणि बातम्या देणाऱ्या पत्रकारांविरुद्धच तक्रार दिली. पुढे निघालं की बाफिनचे काही कर्मचारी वायरकार्डच्या शेअरचे व्यवहार करत होते, आणि ऑडिटरांवर देखरेख करणाऱ्या अपास या सरकारी संस्थेच्या प्रमुखानेही ते शेअर घेतले होते. २०२१ च्या नव्या कायद्याने डीपीआरचं काम काढून बाफिनकडे दिलं, चौकशीचे जादा अधिकार दिले, कर्मचाऱ्यांच्या शेअरव्यवहारांवर बंधनं घातली.

खतावणी, कंपनीच्या घोटाळ्याने सरकारी यंत्रणेची झाडाझडती झाली म्हणून तुम्ही कुरकुरताय. इथे झाडाझडतीत काय काय निघालं बघा.

खतावणी :
हे उदाहरण चपखल आहे, मान्य. नियामकाची झाडाझडती घ्यायलाच हवी. पण माझा मूळ आक्षेप नियामकाबद्दल नाही, नगरपालिकेच्या रस्त्याच्या किमतीबद्दल आहे. तिथे क्ष_किरण यांनी स्वतःच दाखवलं की उसना नियम बाधला. मग उसना घेताना काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे कुणी ठरवतं का? की मानकं आली म्हणून लावली?

मध्यमपदलोपी :
बऱ्याच अंशी आली म्हणून लावली. सरकारी लेखापरीक्षकांची जागतिक संघटना इंटोसाय आपली आर्थिक ऑडिटची मानकं मुख्यतः खासगी व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय मानकांवरच उभी करते. गुणवत्ता नियंत्रणाचं मानकही तिथूनच घेतलेलं. त्यामुळे कंपन्यांच्या घोटाळ्यानंतर मानक बदललं की वर्षा-दोन वर्षांत ते सरकारी ऑडिटच्या दारात येतं. सोबत सार्वजनिक क्षेत्रासाठी टिपा असतात, त्या वाचतो कोण हा भाग वेगळा.

उंबरठा :
मी वाचते, परीक्षेला येतात म्हणून :)

सावित्रा :
खतावणींच्या प्रश्नावर माझं उत्तर असं. स्वातंत्र्याचे नियम, कागद राखण्याचे नियम, खबर देणाऱ्याला संरक्षण, हे जसेच्या तसे घ्या. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीत ३८० कोटी डॉलरचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवला होता, तो २००२ साली कंपनीच्याच अंतर्गत ऑडिटरांनी, सिंथिया कूपर यांच्या चमूने, संध्याकाळी उशिरापर्यंत बसून उकरला. तसा माणूस महापालिकेतही असतो, त्याची बदली होते. मूल्यांकनाचे नियम मात्र घेऊ नका, किंवा घेतले तर त्यांचं वजन कमी ठेवा. रस्ता विकून कुणाचं देणं फेडायचं नाही.

निवृत्तलेखणी :
सावित्रांशी जवळपास सहमत, एक भर. खासगीत ऑडिटरने तोंड उघडलं की शेअर पडतो, बँक कर्ज थांबवते. सरकारी ऑडिटरने कितीही कडक पॅरा लिहिला तरी खात्याचा निधी बंद होत नाही. लोकलेखा समिती बसेल, कधीतरी. म्हणून दक्षिण आफ्रिकेने केलेला दुसरा बदल मला जास्त रोचक वाटतो. १ एप्रिल २०१९ पासून महालेखापरीक्षक गंभीर अनियमिततेवर उपाययोजना बंधनकारक करू शकतात, आणि तरीही संस्थाप्रमुखाने हालचाल केली नाही तर झालेल्या नुकसानीचं देणं त्याच्या वैयक्तिक नावावर लावायची तरतूद आहे. एन्रॉनच्या नियमांतून हे आलेलं नाही, तिथल्या सरकारी लुटीतून आलं.

बेरीजवजाबाकी :
वैयक्तिक नावावर?! मग महालेखापरीक्षकाची खुर्ची टिकते कशी? दुसऱ्या दिवशी बदली होईल.

निवृत्तलेखणी :
बदली करता येत नाही, म्हणून तर जमतं. तिथे नेमणूक पाच ते दहा वर्षांची, पुन्हा नाही. अमेरिकेत जीएओप्रमुखाला पंधरा वर्षं, पुनर्नियुक्ती नाही. जर्मनीच्या लेखापरीक्षण न्यायालयाच्या अध्यक्षांना बारा. भारताच्या कॅगला सहा वर्षं किंवा वयाची पासष्टी, आधी जे येईल ते, आणि हटवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखी प्रक्रिया. कंपन्यांच्या जगात हे उलटं सांगतात : ऑडिटर फार वर्षं ठेवू नका, बदला. युरोपात २०१४ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना साधारण दहा वर्षांची मर्यादा घातली.

उंबरठा :
दोन्हीकडे हेतू एकच असून उपाय उलटे कसे काय?

सावित्रा :
कारण कंपनीत ऑडिटर गिऱ्हाइकाशी सलगी करेल ही भीती, आणि सरकारात गिऱ्हाईक ऑडिटरला हाकलून देईल ही. फर्म्सची फेरपालट सरकारी कामात आणली तर काय होतं हे मी बघितलंय. खात्याची कार्यपद्धती कळायलाच नव्या चमूची पहिली दोन वर्षं जातात आणि खातं त्या दोन वर्षांत निवांत असतं. इंग्लंडच्या परिषदांसाठी आता पुन्हा एक स्वतंत्र स्थानिक ऑडिट कार्यालय उभं करायचं तिथल्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलंय. त्यात स्वतःची माणसं किती आणि फर्म्स किती, यावर वेगळा धागा काढायला हवा. क्ष_किरण, काढताय का?

क्ष_किरण :
काढतो. तिथल्या विधेयकाचं कामकाज वाचून होऊ दे आधी.